दुपारीच हँग होणारा कॉम्प्युटर

ग्वाल्हेरला लष्कर भागात आमचं जुनं घर आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, लू सुटते. त्याच दिवसांत घरचा कॉम्प्युटर हँग व्हायला लागला. माउस जागीच थिजायचा, कॅप्स लॉकचा दिवासुद्धा लागायचा नाही. पॉवरचं बटण दाबून धरण्यावाचून इलाज नसे. दुकानदार म्हणाला, विंडोज नव्यानं टाका. टाकलं. दोन दिवसांत पुन्हा तेच.

मग आई म्हणाली, "अरे, सकाळी तर नीट चालतो, दुपारीच का अडतो?" खरी दिशा तिथं मिळाली. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची घडामोडींची नोंदवही) फक्त कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसत होती. त्यातून एवढंच कळतं की मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं, कारण कळत नाही. रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालवलं, एकही चूक नाही. हार्ड डिस्कही ठीक. शेवटी तापमान दाखवणारं एचडब्ल्यूमॉनिटर लावून दुपारी पाहिलं, तर प्रोसेसर ९८ अंशांवर!

वायर काढून कॅबिनेट उघडलं. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांत धुळीची गादीच बसली होती. पंखा बोटानं अडवून धरून ब्लोअर मारला (हवेनं भरधाव फिरला तर बेरिंग खराब होऊ शकतं, हे जरूर सांभाळा). प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली, वाळून कडक झालेली थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली, वाटाण्याएवढी नवी लावली. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं.

आता भर दुपारीही तापमान ७० च्या आत असतं. आईची भजनं मध्येच थांबत नाहीत.