कॉम्प्युटर तापतोय? आधी धूळ बघा

पंखा सारखा घोंघावत असेल, तर कॅबिनेटच्या जाळीवरून बोट फिरवून पाहा. राखाडी थर निघाला, की कारण सापडलंच म्हणा. कॉम्प्युटर बंद करून प्लग काढा, बाजूचं झाकण उघडा आणि मऊ ब्रशने प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या, पट्ट्यांमधली धूळ काढा. हवेचा झोत मारणार असाल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भरधाव फिरून बेअरिंग खराब होऊ शकतं. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. लॅपटॉप गादीवर तर अजिबात नको, खालची छिद्रंच बुजतात. एवढं करूनही साध्या कामात प्रोसेसर ९० अंश सेल्सिअसच्या पुढे जात असेल, तर थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंकमधला उष्णता वाहून नेणारा लेप, बहुधा वाळली आहे. ती बदलून घ्या.