व्हॉल्व्ह रेडिओतला फिल्टर कंडेन्सर बदलताना

माळ्यावरून उतरवलेला व्हॉल्व्ह रेडिओ खुशाल पुसा, पण लगेच प्लगमध्ये घालू नका. एसीचा डीसी करतो तो रेक्टिफायर, आणि तो डीसी सपाट करून घुंऽऽ असा हम घालवतो तो फिल्टर कंडेन्सर (कपॅसिटर). वीस-तीस वर्षं बंद राहिलेल्या या कंडेन्सरच्या आतला ऑक्साइडचा थर विरलेला असतो. अशा कंडेन्सरवर एकदम अडीचशे व्होल्ट आले, की तो गरम होऊन शॉर्ट होतो आणि जाताजाता रेक्टिफायर किंवा पॉवर ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो. कंडेन्सर पन्नास रुपयांत मिळतो, ट्रान्सफॉर्मर मात्र गुंडाळून घ्यावा लागतो.

माझ्या टेबलावर जास्त करून येतात ते ईझेड८० हा रेक्टिफायर व्हॉल्व्ह आणि ईसीएल८२ हा स्पीकर चालवणारा आउटपुट व्हॉल्व्ह असलेले सेट, म्हणून तेच डोळ्यांसमोर ठेवून सांगतो. चासीवर (आतल्या पत्र्याच्या सांगाड्यावर) उभा असलेला ॲल्युमिनियमचा डबा म्हणजे फिल्टर कंडेन्सर. त्यावर ‘५०+५०, ३५० व्होल्ट’ असं काहीतरी छापलेलं असतं. डबा एकच असला तरी आत कंडेन्सर दोन असतात. असे डबे आता मोजक्याच कंपन्या बनवतात. एखाद्या दुकानदाराने खोक्यातून ‘जुना, पण न वापरलेला’ काढून दिला तरी घेऊ नका. नुसता पडून राहूनही तो तितकाच म्हातारा झालेला असतो.

आधी सेट कुठल्या जातीचा आहे ते बघा. पॉवर ट्रान्सफॉर्मर नसेल आणि व्हॉल्व्हचे नंबर यूसीएच, यूसीएल, यूवाय असे ‘यू’ने सुरू होत असतील, तर तो एसी-डीसी सेट. त्याची चासी थेट मेन्सच्या एका वायरला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की अख्ख्या चासीत २३० व्होल्ट. सेटला मेन्सपासून वेगळा ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर असल्या सेटला हात लावू नका, आणि पहिलाच सेट असेल तर मुळीच नाही.

सेट चालू स्थितीतच हाती आला असेल तर व्हॉल्यूम पूर्ण कमी करून ऐका. तरीही घुंऽऽ तसाच राहिला तर फिल्टरवर संशय घ्या. व्हॉल्यूमबरोबर तो कमी-जास्त होत असेल तर दोष व्हॉल्यूमच्या आधीच्या स्टेजमध्ये आहे. साध्या मीटरने कपॅसिटी मोजून कंडेन्सर ‘पास’ करू नका. मीटर दोन-चार व्होल्टवर मोजतो, सेटमध्ये त्याच कंडेन्सरवर तीनशेच्या आसपास असतात. एवढ्या जुन्या सेटमध्ये मी मोजत बसत नाही, बदलतोच.

प्लग काढा. दहा किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरला क्लिप लावून प्रत्येक सेक्शन (डब्यातला एकेक कंडेन्सर) दहा सेकंद डिस्चार्ज करा आणि मीटरवर शून्य दिसल्याशिवाय बोट घालू नका. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी काढायची हौस आवरा.

आता मुख्य काम. रेक्टिफायरच्या ३ नंबर पिनवरून आलेली वायर डब्याच्या ज्या टॅगवर (सोल्डर करायच्या पट्टीवर) जाते, तो पहिला सेक्शन, म्हणजे रिझर्व्हॉयर. तिथून रेझिस्टर किंवा चोकमधून (लोखंडी गाभ्यावरच्या कॉइलमधून) पुढे जाऊन मिळतो तो दुसरा. फोटो काढा आणि वायरींवर चिठ्ठ्या लावा. मग डबा जिथे बसवलाय तिथे नीट निरखा. चासी आणि डबा यांच्यामध्ये तपकिरी फायबरचा वॉशर आहे का? असेल तर मीटर ओहमवर लावून डबा आणि चासी यांच्यामध्ये मोजा. शून्य आलं तर प्रश्न नाही. पण पन्नास, शंभर ओहम असं काही दिसलं, तर निगेटिव्ह चासीला नसून एका बायस रेझिस्टरमागे आहे. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला, म्हणजे सिग्नल येतो त्या टोकाला, लागणारं निगेटिव्ह व्होल्टेज हा रेझिस्टर देतो. नव्या कंडेन्सरचा निगेटिव्ह जुन्या डब्याचा होता तिथेच जोडायचा. तो सवयीने चासीला ठोकला, तर चार्जिंगचे झटके बायस रेझिस्टरमधून जाऊन आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर पोचतात आणि नवे कंडेन्सर घालूनही घुंऽऽ वाढतो. ‘नवीन टाकला, तरी हम जात नाही’ म्हणून माझ्याकडे आलेल्या सेटमध्ये मी पहिल्यांदा हेच तपासतो.

पुण्यात बुधवार पेठेत ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट, १०५ डिग्रीचे दोन मागा. तिथे हमखास कोणीतरी सांगेल, “शंभरचा घ्या, हम पार जाईल.” घेऊ नका. ईझेड८०ला पहिल्या कंडेन्सरची मर्यादा ५० मायक्रोफॅरडची आहे. त्यापेक्षा मोठा लावला तर चार्जिंगच्या करंटने व्हॉल्व्हचा कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) उखडतो. व्होल्टेज मात्र वरचं चालतं.

जुन्या टॅगवरच्या वायरी पूर्ण सोडवा. नवा कंडेन्सर जुन्याला पॅरलल टाकणं म्हणजे गळकी टाकी तशीच ठेवून शेजारी दुसरी बसवणं. चासीखाली छोटी टॅगस्ट्रिप स्क्रूने कसा आणि नवे त्यावर सोल्डर करा. रेक्टिफायर आणि वायरवाउंड रेझिस्टरच्या उष्णतेपासून दूर ठेवा, पोलॅरिटी दोनदा बघा. डबा वरती आहे तसाच राहू द्या, सेटचा चेहरा बदलत नाही. काही जण डबा कापून, आतला चिकट कागद काढून नवे कंडेन्सर त्यातच बसवतात. दिसायला सुरेख, पण मी ते गिऱ्हाइकाने मागितलं तरच करतो.

हात लावलाच आहे तर ईसीएल८२च्या ३ नंबर पिनवर येणारा कागदी कपलिंग कंडेन्सरही (आधीच्या स्टेजचा सिग्नल पुढे देणारा) बदला. ०.०१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्ट, पॉलिएस्टर. चालू सेटमध्ये त्या पिनवर शून्य किंवा थोडं निगेटिव्ह दिसायला हवं. पॉझिटिव्ह दिसलं तर कंडेन्सर लीक आहे, व्हॉल्व्ह तापणार. मेन्सवर असलेला जुना कागदी कंडेन्सर दोन वायरींच्या मध्ये असेल तर एक्स२ आणि मेन्सपासून चासीला असेल तर वाय२ प्रकारचाच लावा, हे मेन्ससाठीच बनवलेले सुरक्षित प्रकार.

पहिल्यांदा चालू करताना साठ वॉटचा पिवळा बल्ब (एलईडी नव्हे, जुना तारेचा) सिरीजमध्ये. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, तसाच ढणढणत राहिला तर लगेच बंद करा. मंद झाला तर पाचेक मिनिटं तसंच ठेवून कंडेन्सर गरम होतोय का बघा. त्यासाठी आधी प्लग काढा, डिस्चार्ज करा आणि मगच बोट लावा. मग बल्ब काढून सरळ मेन्सवर.

एवढं करूनही मिडियम वेव्हवर खरखर असेल तर फिल्टरला शिव्या घालण्याआधी खोलीतला एलईडी दिवा आणि मोबाइलचा चार्जर बंद करून बघा. आणि सेटचा मागचा पुठ्ठा परत लावायला विसरू नका, घरात लहान मुलं असतील तर नक्कीच.