बीपीचा आकडा वाचताना या चुका टाळा

घरात बीपीचं मशीन आलं की आठवड्याभरात मला फोन येतोच: "१५२ आलं, आता काय करू?" मी विचारते, मोजण्याआधी काय करत होतात? "आत्ताच जिना चढून आले." मग तो आकडा जिन्याचा आहे.

सगळ्यात घातक सवय म्हणजे आकडा जास्त आला की लगेच पुन्हा पुन्हा मोजणं. ओळखीतल्या एका काकांना रात्री १५८ आलं. घाबरून लगेच मोजलं तर १६६, मग १७४. पट्टा दंडावर आवळला जायचा तशी त्यांची धडधड वाढायची. शेवटी त्यांनी उद्या सकाळची गोळी आजच घेऊन टाकली. पहाटे बाथरूमला उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. बेसिन हाताशी होतं म्हणून पडले नाहीत. नंतर आठवडाभर नीट मोजलं तेव्हा सरासरी आली १३४/८२. डॉक्टरांनी गोळी होती तीच ठेवली.

नीट म्हणजे कसं? पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडी किंवा पायावर पाय नको. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं, सकाळी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. एवढा धीर नसेल तर मशीन कपाटातच राहू द्या. मी सगळं वहीत लिहायला लावते, कारण मशीनच्या मेमरीत घरातल्या सगळ्यांचे आकडे मिसळतात.

मात्र १८०/१२० च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोलणं अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं, नजर धूसर होणं यातलं काहीही असेल तर सरासरी काढत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा. त्रास काहीच नसेल तर शांत बसून पुन्हा मोजा. तरी तेवढंच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

दुसरी चूक पट्ट्याची. दंड जाड आणि पट्टा लहान असला तर वरचा आकडा ५ ते २० ने फुगू शकतो. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध टेपने घेर मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या सेंटिमीटरशी ताडून पाहा. मोजताना दंड हृदयाच्या पातळीत, हात टेबलावर टेकवलेला हवा. हात दहा सेंटिमीटर खाली असला तरी आकडा सात-आठने चढतो.

बोलत बोलत मोजू नका. लघवी दाबून नको. चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम यानंतर अर्धा तास थांबा. मशीनवरचा तिसरा आकडा नाडीचा असतो.

"वय झालं की वरचं वाढायचंच" हे ऐकून मला खरंच राग येतो. वयाने रक्तवाहिन्या ताठर होतात, म्हणून १५०/७० सारखे आकडे दिसतात. पण फक्त वरचा वाढलेला असला तरी ते उच्च रक्तदाबातच मोडतं. दवाखान्यात १४०/९० ही सीमा सहसा धरतात, घरच्या सरासरीला १३५/८५. अमेरिकेत २०१७ पासून १३०/८० धरतात, म्हणून तुमची सीमा डॉक्टरांनाच विचारा.

आणि १२२ दिसलं म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. तो आकडा गोळीमुळेच आलेला असू शकतो. पुढच्या तपासणीला वही आणि मशीन दोन्ही न्या, डॉक्टरांच्या मशीनशी एकदा जुळवून घ्या. नाडी अनियमित असेल तर तेही सांगा, अशा वेळी घरचं मशीन चुकू शकतं.