वाडा स्कॅन करताय? या चुका टाळा, आणि वाकडी भिंत वाकडीच राहू द्या

सातारा-सांगलीकडं जुने वाडे, राजवाडे आतून मोजायला आता बरीच पोरं लेझर स्कॅनर, कॅमेरा, नाहीतर नुसता मोबाईल घेऊन यायला लागलीत आणि मला याचा मनापासून आनंद आहे, कारण दर पावसाळ्यात कुठंतरी एखाद्या वाड्याचा सोपा (ओसरी) खाली बसतो आणि त्याचा धड नकाशाही कुणाकडं नसतो. पॅरिसचं नोत्रदाम हे जुनं चर्च १५ एप्रिल २०१९ ला जळालं तेव्हा अँड्र्यू टॅलन या कला-इतिहासकारांनी आधीच करून ठेवलेलं लेझर स्कॅन पुढं दुरुस्तीच्या कामाला आलं. आपल्याकडं पण असं व्हायला पाहिजे. पण त्यासाठी स्कॅन भरवशाचं पाहिजे, आणि तिथंच गडबड होते.

सगळ्यात मोठी चूक वाड्यात होतच नाही, ती नंतर कॉम्प्युटरवर होते. पॉइंट क्लाउडवरून, म्हणजे स्कॅनरनं मोजलेल्या लाखो ठिपक्यांवरून, प्लॅन काढायला बसलं की कॅडमध्ये (नकाशा काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) ऑर्थो, म्हणजे रेघा फक्त सरळ आडव्या-उभ्याच काढू देणारी सोय, चालूच असतं, मग कोपरा ८८ अंशाचा असला तरी हात आपोआप ९० चा काढतो, खांब ओळंब्यात नसला तरी उभा करून टाकतो. असं करू नका. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्याच जिल्ह्यातला, त्याआधीचे जे वाडे आज उभे आहेत ते तो धक्का खाऊन उभे आहेत, भिंत कलली ती त्यानं, का जोत्यात पाणी मुरून, का तुळई कुजून, हे पुढच्या माणसाला त्या कलण्यावरूनच कळणार ना. वाईकडच्या एका वाड्यात आम्ही चौकाचे चारही कोपऱ्यातले खांब तपासले, तीन सरळ निघाले आणि चौथा वरच्या टोकाला साडेतीन इंच आत. वर माळ्यावर चढून टॉर्च मारला तर त्याच खांबावरच्या तुळईचं भिंतीतलं टोक वाळवीनं पार पोखरलेलं, बोट घातलं तर भुसा हातात आला. प्लॅनमध्ये तो खांब सरळ केला असता तर तिकडं कुणी बघितलंच नसतं.

दुसरी गोष्ट आरशांची. दिवाणखान्यात बिलोरी आरसे, हंड्या, झुंबरं असतातच. लेझर आरशावरून परत फिरतो आणि स्कॅनरला वाटतं तो सरळ आरपार गेला, म्हणून भिंतीच्या पलीकडं एक अख्खी खोटी खोली तयार होते. ती एवढी खरी दिसते की नवीन माणूस फसतोच, त्यात भिंती जाड, मागं चोरखोली असेल असं वाटायला लागतं. उपाय सोपा आहे, घरच्यांना विचारून आरशावर आणि काचेच्या कपाटांवर चादर टाका, स्कॅन झालं की काढा. झाकता येत नसेल तर आरसा कुठं आहे ते वहीत लिहा आणि नंतर कॉम्प्युटरवर ती खोटी खोली हातानं कापा. काळपट पॉलिशचे खांब पण त्रास देतात, लेझर परत येतच नाही नीट, तिथं भोकं पडतात. त्यांच्या जवळ जाऊन, वेगवेगळ्या बाजूंनी एक-दोन जादा स्कॅन घ्या.

एकच खांब दोनदा दिसतोय, चार बोटं बाजूला त्याचं भूत उभं आहे असं झालं तर समजा वेगवेगळ्या जागांवरून घेतलेले स्कॅन एकमेकांना नीट जुळलेले नाहीत. हे बहुतेक जिन्यातनं होतं. वाड्यातला जिना भिंतीच्या जाडीत, अंधारा, एका माणसापुरता, आणि खालचा मजला वरच्याला जोडायला तेवढाच धागा असतो. जिन्यात कंजुषी करू नका, तीन-चार पायऱ्यांना एक स्कॅन घ्या. वरून चौकातल्या खालच्या खुणा दिसत असतील तर त्या दोन्हीकडून पकडा. हातात धरून चालायचा स्कॅनर असेल तर जिथून सुरू केलं तिथंच परत येऊन संपवा, नाहीतर वाट लांबेल तशी चूक साठत जाते. शक्य असेल तर टोटल स्टेशननं (कोन आणि अंतर मोजायचं सर्व्हेचं यंत्र) आठ-दहा पक्के पॉइंट आत-बाहेर घ्या, कारण आत जीपीएस चालत नाही आणि बाहेरची भिंत आतल्या भिंतीशी जोडली तरच भिंतीची खरी जाडी कळते. आमच्या एका कामात अशी जाडी सगळीकडं तीन फूट आली आणि माजघराशी एकदम सात. तिथल्या आज्जींना विचारलं तर म्हणाल्या, "अरे बाळा, तिथं बळद आहे, सासूबाईंच्या वेळंला तोंड लिंपून टाकलं." बळद म्हणजे भिंतीतली धान्य साठवायची जागा. स्कॅनर फक्त पृष्ठभाग बघतो. म्हणून माणसांना विचारा, आणि ते सुद्धा प्लॅनवर लिहा.

मोबाईलच्या लायडारबद्दल (लेझरनं अंतर मोजणारा सेन्सर), आयफोन प्रो वगैरे. एका कोनाड्याला, एका महिरपीला झकास. पण तो साधारण ५ मीटरपर्यंतच बघतो, अख्खा दिवाणखाना त्याच्यावर सोडू नका. कुठलंही मशीन असो, टेपनं खोलीचे दोन्ही कर्ण मोजून ताडून बघा. आधी ठरवा काय पाहिजे, १:५० च्या प्लॅनवर ०.२ मिलीमीटरची रेघ म्हणजे जागेवर १ सेंटीमीटर, तेवढी अचूकता पुरते, पण खांबाच्या हस्तावरची (तुळईला आधार देणाऱ्या लाकडी तुकड्यावरची) नक्षी १:५ मध्ये काढायची असेल तर १ मिलीमीटर लागणार.

फोटोवरून मॉडेल करताना एका फोटोचा निदान ७० टक्के भाग पुढच्यात आला पाहिजे. कोऱ्या चुन्याच्या भिंतीवर सॉफ्टवेअरला पकडायला काही मिळत नाही, तिथं लेझरच बरा. रंग दर भिंतीला बदलत असेल तर कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स (रंग आपोआप जुळवायची सोय) बंद करा, पिवळे बल्ब बंद करा, ट्रायपॉड लावा.

आणि एक कळकळीनं सांगतो, चित्र असलेल्या भिंतीला टार्गेटचा, म्हणजे स्कॅन जुळवायच्या खुणेचा, कागद चिकटवू नका. मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या वाड्यात भिंतीवर जशी चित्रं आहेत तशी ठिकाणं आता किती राहिलीत? सेलोटेप काढताना रंगाचा पापुद्रा बरोबर येतो आणि तो परत बसत नाही. टार्गेट स्टँडवर लावा, भिंतीपासून हातभर लांब.

फाईलला "न्यू प्रोजेक्ट ३" असलं नाव देऊ नका, घरातली माणसं म्हणतात तीच नावं द्या, मधला चौक, धाकटं माजघर, आणि खांबांना खणानुसार (दोन खांबांमधल्या गाळ्यानुसार) नंबर. कच्चा डेटा ठेवाच, सोबत ई५७ मध्ये, म्हणजे कुठल्याही कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये चालणाऱ्या खुल्या फॉरमॅटमध्ये, एक कॉपी काढा, कारण कंपनीची स्वतःची फाईल दहा वर्षांनी उघडेलच असं नाही. तीन कॉप्या, त्यातली एक गावाबाहेर. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीत तळमजल्यावरचं काय काय गेलं ते आपण बघितलंय. एक कॉपी वाड्याच्या मालकांना पण द्या, साध्या पीडीएफसकट, आणि देवघराचे फोटो कुठं टाकायचे असतील तर आधी त्यांना विचारा.