फुंक मारण्यापूर्वीचा रियाज : सॅक्सोफोनच्या सरावासाठी मनाची तयारी

सॅक्सोफोनच्या रियाजाला पहिली मर्यादा ओठांची पडते. माउथपीसभोवती, म्हणजे तोंडात धरायच्या टोकाभोवती, पकड धरणारे ओठांचे आणि गालांचे स्नायू नवशिक्या वादकाच्या बाबतीत अर्ध्या-पाऊण तासातच थकतात. त्यानंतरचे स्वर उतरू लागतात, कडेने हवा सुटू लागते आणि तरीही हट्टाने वाजवत राहिल्यास चुकीचा आवाज कानाला व चुकीची पकड ओठांना सवयीची होऊन बसते. त्यात हे वाद्य मोठ्या आवाजाचे आहे. विख्यात जॅझवादक सॉनी रोलिन्स यांनी शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून १९५९ ते १९६१ या काळात न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन तासन्‌तास सराव केला होता. मुंबई-पुण्याच्या सदनिकांत राहणाऱ्या वादकाला अशी मोकळी जागा क्वचितच मिळते. तेव्हा प्रत्यक्ष फुंक मारण्याची जी मोजकी मिनिटे रोज हाती येतात ती चाचपडण्यात घालवायची नसतील, तर वाजवायचे ते आधी मनात ऐकून आणि बोटांत बसवून मगच वाद्य तोंडाला लावावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

हा आग्रह सॅक्सोफोनच्या बाबतीत विशेष लागू पडतो, कारण या वाद्यात की (बोटाने दाबायची कळ) दाबली म्हणजे स्वर ठरला असे होत नाही. सर्वांत खालच्या बी फ्लॅटची बोटे धरून आणि ऑक्टेव्ह की (स्वर एक सप्तक वर नेणारी कळ) अजिबात न दाबता, केवळ घसा व जीभ यांचा आकार बदलत गेल्यास त्याच बोटांवर क्रमाने वरच्या सप्तकातला तोच स्वर, मग त्याचा पंचम, मग त्याहून वरचा षड्ज आणि पुढे गंधार असे स्वर निघतात. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली टेनर, म्हणजे मोठ्या व खालच्या आवाजाच्या, सॅक्सोफोनच्या वादकांवर केलेल्या प्रयोगांतून हे मोजून दाखवले. अनुभवी वादक अतिउंच स्वरांसाठी तोंड-घशाच्या पोकळीचा अनुनाद त्या त्या स्वराशी जुळवून घेतात, आणि ज्यांना हे साधत नाही त्यांना ते स्वर काढताच येत नाहीत. पोकळीची ही जुळणी फुंक सुटण्याच्या आधी व्हावी लागते. डोळ्यांनी पाहून ती करता येत नाही. घशाला योग्य आकार घ्यायला लावणारी एकच गोष्ट वादकाजवळ असते, ती म्हणजे येणाऱ्या स्वराची मनातली स्पष्ट ऐकू येणारी चाहूल.

म्हणूनच स्वर आधी गळ्यातून काढून घेण्याची शिस्त आपल्याकडील अनेक सॅक्सोफोनवादकांच्या शिक्षणात आढळते. गोव्यातील चर्चच्या शाळांमध्ये मुलांना वाद्य हाती देण्यापूर्वी सोल्फेज, म्हणजे स्वरलिपी वाचून गाण्याचे शिक्षण दिले जाई, आणि त्याच परंपरेतून तयार झालेल्या गोमंतकीय वादकांनी पुढे मुंबईच्या जॅझ बँडांत व चित्रपटांच्या वाद्यवृंदांत मोठे काम केले. सनईसारख्या नादस्वराच्या वादकाच्या घरात १९४९ साली जन्मलेले कद्री गोपालनाथ यांनी अल्टो, म्हणजे टेनरहून लहान व उंच आवाजाच्या, सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीत आणले आणि १९९४ साली लंडनच्या बीबीसी प्रॉम्स या संगीतमहोत्सवात ते सादर केले. त्यांचे गुरू टी. व्ही. गोपालकृष्णन हे गायक आणि मृदंगवादक आहेत. पाश्चात्त्य वाद्यावर गमक, म्हणजे स्वराला दिलेला डोल, वाजवायची तर ती आधी गळ्यात असावी लागते, हे त्यांच्या वादनातून उघड ऐकू येते.

वाद्य पेटीतून काढण्यापूर्वी

आजच्या बैठकीत नेमके काय साधायचे ते एका वाक्यात वहीत लिहावे. ‘भूपाचा सराव’ हे उद्दिष्ट होत नाही. ‘भूपाच्या आरोहात सा आणि रे यांच्यामध्ये आवाज फुटू न देता मिनिटाला साठ मात्रांच्या लयीत चार वेळा जाणे’ हे उद्दिष्ट होते, कारण ते साधले की नाही हे बैठकीच्या शेवटी स्वतःशी प्रामाणिकपणे सांगता येते. एका बैठकीला अशी दोन उद्दिष्टे पुरेत. पाच-सहा लिहिणाऱ्याचे मन पहिल्यावर काम करत असतानाच पाचव्याकडे धावते, आणि मग घाई बोटांत उतरते.

रीड, म्हणजे माउथपीसवर बसवायची वेताची पातळ पट्टी, पाण्यात भिजत घालावी लागते, तेव्हाची दोन-तीन मिनिटे बहुतेक जण मोबाइलमध्ये घालवतात. ती मिनिटे श्वासासाठी राखून ठेवावीत. पाठ ताठ ठेवून, खांदे न उचलता, पोट आणि बरगड्यांचा खालचा भाग पसरेल असा चार मात्रांत श्वास घ्यावा आणि आठ मात्रांत सोडावा. असे सहा-सात वेळा केल्यावर मनातला दिवसभराचा गलबला बराच खाली बसतो. शिवाय पुढे लांब स्वर वाजवताना जी श्वासाची रीत लागणार, तीच शरीराला आठवून दिली जाते.

यानंतर पट्टी कानात भरावी. अल्टो सॅक्सोफोनवर लिहिलेला सी वाजवला की प्रत्यक्षात ई फ्लॅट, म्हणजे आपली काळी दोन (हार्मोनियमची दुसरी काळी पट्टी) ऐकू येते. टेनरवर तोच सी काळी पाच होतो. अल्टोवर सी हा षड्ज धरून वाजवणाऱ्याने तानपुऱ्याचे ॲप काळी दोनवर लावावे आणि पाच मिनिटे नुसते ऐकत, हळू आवाजात षड्ज व पंचम गात बसावे. गळा चांगला नाही ही सबब येथे चालत नाही. येथे गोड गाणे अपेक्षित नसून स्वर नेमका धरणे अपेक्षित आहे.

सा आणि रे यांच्यामधली जागा

आता वरचेच उदाहरण जवळून पाहू. अल्टोवर मध्य सप्तकाचा षड्ज म्हणून मधला सी घेतला, तर तो डाव्या हाताच्या फक्त मधल्या बोटाने वाजतो. त्याच्यानंतरचा रिषभ, म्हणजे डी, वाजवण्यासाठी मधले बोट जागेवर ठेवून उरलेली पाच बोटे एकदम खाली यावी लागतात आणि त्याच क्षणी डाव्या अंगठ्याने ऑक्टेव्ह की दाबावी लागते. एका बोटाचा स्वर संपून सहा बोटांचा स्वर सुरू होतो आणि नळीतली हवेची वाट अचानक लांब होते. बोटांपैकी एखादे मागे राहिले, तर मध्येच भलताच स्वर डोकावतो. परत येताना अंगठा आधी सुटला, तर रिषभ एक सप्तक खाली कोसळतो. भूप शिकणाऱ्याची गाठ पहिल्याच पावलावर या अडचणीशी पडते, आणि ती सोडवण्यासाठी तो सहसा सा-रे, सा-रे असे शंभर वेळा फुंकत राहतो.

त्याऐवजी पुढील क्रमाने काम करावे. वाद्य पट्ट्याला अडकवून, बोटे कीवर ठेवून, डोळे मिटावेत. मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत ठोके देणारे यंत्र) साठवर लावून ‘सा’ चार मात्रा आणि ‘रे’ चार मात्रा असे मनात गावे. बोटे हलवायची नाहीत. रिषभाच्या पहिल्या मात्रेवर पाच बोटांच्या गाद्यांना कीचा गार स्पर्श एकाच वेळी झाल्याचे आणि अंगठा न उचलता केवळ कलल्याचे जाणवेपर्यंत हे आवर्तन पुन्हा पुन्हा करावे. ही कल्पना बाहेरून स्वतःकडे पाहण्याची नसावी. दुसरा कोणी वाजवताना पाहावे तसे चित्र उभे राहत असेल, तर ते बाजूला सारून स्वतःच्या हातांच्या आणि ओठांच्या संवेदनेत यावे. मग फुंक न मारता, श्वास मात्र खरोखर घेऊन, बोटे हलवावीत. त्या वेळी कीच्या गाद्या बंद होण्याचा आवाज लक्ष देऊन ऐकावा. सगळ्या मिळून एकच ठोका ऐकू आला तर बोटे एकत्र पडली, आणि फरफर ऐकू आली तर एखादे मागे आहे. हा ठोका स्वच्छ झाला की एकदा, फक्त एकदा, फुंक मारून वाजवावे. नंतर वाद्य ओठांपासून दूर करून, आत्ता ऐकू आले ते आणि मनात होते ते यांत काय फरक पडला हे ठरवावे, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी.

मनातली उजळणी करताना एखाद्या ठिकाणी चित्र धूसर होते, लय पुढे सरकत नाही किंवा स्वर ऐकूच येत नाही. अशी जागा सापडली तर ती वहीत नोंदवावी, कारण प्रत्यक्ष वादनातही अडखळणे बहुधा तेथेच होते. वाजवताना बोटांच्या सवयीने आपण अशा जागा कशाबशा ओलांडतो आणि त्यांचे कच्चेपण झाकले जाते. मनात मात्र सवयीचा आधार मिळत नाही. माझ्या मते मानसिक रियाजाचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे.

वाद्याविना रियाज

केवळ मनाने केलेल्या सरावाचा परिणाम शरीरावर होतो का, या शंकेला चांगले उत्तर उपलब्ध आहे. अल्वारो पास्कुआल-लेओने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, पियानो न येणाऱ्या लोकांना पाच बोटांचा एक पाठ देण्यात आला. एका गटाने पाच दिवस रोज दोन तास तो वाजवला आणि दुसऱ्या गटाने तितकाच वेळ तो केवळ मनात वाजवला. पाचव्या दिवशी दुसरा गट पहिल्या गटाच्या तिसऱ्या दिवसाच्या पातळीवर पोचला होता, आणि मेंदूतील बोटांच्या हालचालीशी संबंधित भागात दोन्ही गटांमध्ये सारखेच बदल दिसले. नंतर दोन तासांच्या एकाच प्रत्यक्ष सरावात दुसऱ्या गटाने पहिल्या गटाला गाठले. यातून मनातला सराव वाजवण्याची जागा घेतो असा अर्थ मात्र काढू नये. ओठांची ताकद, रीडच्या जातीची ओळख आणि फुंकेचा दाब या गोष्टी कल्पनेने येत नाहीत, त्या रोज वाजवूनच येतात. अनेक प्रयोगांचा एकत्रित विचार करणाऱ्या १९९४ सालच्या एका अभ्यासातही मानसिक सरावाचा लाभ प्रत्यक्ष सरावापेक्षा कमीच आढळला, आणि एका बैठकीला सुमारे वीस मिनिटे हा काळ सर्वांत फलदायी ठरला. त्यापलीकडे मन भटकू लागते.

लोकलमध्ये बसायला जागा मिळाली असता, किंवा रात्री दहानंतर इमारतीत आवाज करणे शक्य नसता, ही वीस मिनिटे सहज काढता येतात. मांडीवर किंवा छातीशी धरलेल्या पिशवीवर बोटे ठेवून बंदिश पहिल्यापासून मनात वाजवावी, तालाची आवर्तने मोजावीत आणि समेवर आपण नेमके कोणत्या स्वरावर येतो हे तपासावे. श्वासाच्या जागा याच वेळी ठरवाव्यात, आणि कल्पनेत तेथे आल्यावर खरोखर श्वास घ्यावा. नवशिक्याने एक पथ्य पाळावे : जे कधीच वाजवलेले नाही ते मनात वाजवत बसू नये. ज्या हालचालीची संवेदना शरीराला ठाऊक नाही तिची कल्पना चुकीची होण्याचा संभव असतो, आणि चूक मनातही पक्की होते.

चुकांसाठी तयारी

रीडची कर्कश किंचाळी ही प्रत्येक सॅक्सोफोनवादकाच्या वाट्याला येते आणि तिच्यामागून येणारी चीड सगळी बैठक नासवते. म्हणून ती आल्यावर काय करायचे हे आधीच ठरवून ठेवावे. वाद्य ओठांपासून दूर करावे, एक श्वास सोडावा, हवा तो स्वर मनात ऐकावा आणि कारण शोधावे : रीड कोरडी पडली आहे का, डाव्या तळहाताचा वरच्या बाजूच्या कीला नकळत स्पर्श होतो आहे का, दात माउथपीसवर जास्त दाबले जात आहेत का. कारण सापडले की त्याच जागेवरून पुढे जावे. ‘मला जमतच नाही’ हे वाक्य स्वतःशी उच्चारण्याऐवजी ‘अंगठा आधी सुटतो आहे’ असे म्हणण्याची सवय लावली, तर पुढचा प्रयत्न नेमका काय सुधारण्यासाठी करायचा हे हाताला कळते.

कार्यक्रमापूर्वीच्या आठवड्यात उजळणीत केवळ सूर-ताल नव्हे, तर प्रसंगही आणावा. रीड बसवणे, माइकसमोर उभे राहणे, साथीदाराकडे पाहणे, मध्येच एखादा स्वर चुकणे आणि न थांबता पुढच्या समेवर येणे, हे सारे क्रमाने मनात घडवून पाहावे. लय ठरवताना रचनेतली सर्वांत अवघड ओळ आधी मनात ऐकावी आणि ती स्वच्छ वाजेल तीच लय सुरुवातीला धरावी, कारण रंगमंचावर छातीचे ठोके वाढलेले असतात आणि सोप्या सुरुवातीच्या ओळीवरून ठरवलेली लय हमखास चढी निघते. कार्यक्रमाच्या दिवशी ओठ ताजे राहावेत म्हणून सकाळी दहा-पंधरा मिनिटे लांब स्वर लावून वाद्य पेटीत ठेवावे, आणि बाकीची सर्व उजळणी मनातच करावी.