इग्वाना पाळायचाय? आधी मंडईत जा

दुकानात वीतभर दिसणारं ते हिरवं पिल्लू काही वर्षांत शेपटीसकट पाच फुटांचं होतं आणि नीट सांभाळलं तर पंधरा वर्षं सहज जगतं. हौसेनं आणणारी मुलं शिकायला निघून जातात आणि सरडा आईच्या पदरात पडतो. आमचा बंडू असाच माझ्याकडे आला. तेव्हा आणायच्या आधी, पुढे त्याचं कोण करणार हे घरात ठरवून घ्या.

घोरपड पाळायचं मनात असेल तर ते काढून टाका. ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, पाळणं हा सरळ गुन्हा. इग्वाना मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, पण त्याचीही केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' या संकेतस्थळावर नोंद करावी लागते. विकणारा 'कागदपत्रं नंतर देतो' म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

आता खाणं. इग्वाना पक्का शाकाहारी. अंडं, चिकन, कुत्र्यामांजराचं खाणं काही म्हणजे काही नको. त्या प्रथिनांनी मूत्रपिंडं निकामी होतात. लोक हौसेनं भरवतात आणि जनावर वरून धष्टपुष्ट दिसतं, म्हणून कळतही नाही. त्याला हवा पाला, आणि असा पाला की ज्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट तरी असेल. आपल्याकडे त्याची ददात नाही. शेवग्याचा पाला, हादग्याची पानं, तुतीची पानं हे रोजचं. त्यात किसलेला लाल भोपळा, बारीक चिरलेली फरसबी किंवा दोडका मूठभर. जास्वंदीचं फूल म्हणजे बंडूची जिलबी, लाल दिसलं की मान वर. पालक मात्र क्वचितच, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून धरतं. अळू कधीच नाही. कोबी-फ्लॉवर रोज नको. केळं, पपई चाखण्यापुरती. पाला धुऊन, देठ काढून, त्याच्या तोंडात मावेल एवढा चिरा आणि सकाळीच द्या. पानं पोटात आंबून पचतात, त्याला दिवसभराची ऊब लागते. रात्रीचं खाणं तसंच पडून राहतं.

पाला कितीही चांगला असला तरी उन्हाशिवाय तो अंगी लागत नाही. अतिनील किरणांनी ड जीवनसत्त्व तयार होतं, तेव्हा कुठे कॅल्शियम शोषलं जातं. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन या कामाचं नाही, काच ते किरण अडवते. गच्चीवर जाळीच्या पिंजऱ्यात सकाळचं ऊन द्या, अर्ध्या भागात सावली ठेवूनच. पावसाळ्यात हे अतिनील किरण देणारी यूव्हीबी ट्यूब लागते. ती वर्षभरात बदला, उजेड दिसत असला तरी किरण कमी झालेले असतात. जबडा मऊ लागला, पाय थरथरले की हाडं ठिसूळ होत चाललीत असं समजून लगेच डॉक्टर गाठा.

पिंजरा उंच हवा, माणसाच्या उंचीएवढा तरी, आत जाड आडव्या फांद्या. वरच्या फांदीशी 35 अंशांच्या आसपास, खाली 27. नाशिकच्या थंडीत पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा रात्री उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावते. 23-24 च्या खाली उतरू देत नाही. तापणारे दगड विकत मिळतात, ते घेऊ नका. पोट भाजेपर्यंत त्याला कळत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात हवा कोरडी, म्हणून दिवसातून दोनतीनदा पाणी फवारते आणि कोमट पाण्याच्या टबात बसवते. तो टब फक्त त्याचा, आणि त्याला हात लावला की साबणानं हात धुवायचे. साल्मोनेला जंतू असतात.

शेपटीला धरून उचलू नका, तुटते. नाकातून मीठ शिंकतो, ते सर्दीचं लक्षण नाही.

मादी असेल तर नर नसतानाही ती अंडी घालू शकते. खाणं सोडून कोपरे उकरायला लागली की ओलसर माती-वाळूची खोल पेटी ठेवा. अंडी अडकली तर जिवावर बेततं, आणि सरडे तपासणारे डॉक्टर प्रत्येक गावात नसतात. ते शोधून ठेवा, मगच पिल्लू आणा.