झोपेसाठी पावसाचा आवाज लावताय? या चुका टाळा

माझा धंदा स्पीकर भाड्याने द्यायचा. गणपती, लग्न, वरात, मिरवणूक. अर्ध्या सोलापूरची झोप मी उडवली आहे असं बायको म्हणते, आणि ते काही अगदीच खोटं नाही. पाच वर्षांपूर्वी माझी स्वतःची उडाली. तेव्हापासून पाऊस, ओढा, रातकिडे, समुद्र, सगळं लावून बघितलं. ही बातमी गिऱ्हाइकांत फुटली, आणि आता स्पीकर न्यायला आलेला माणूस जाताना हळूच विचारतो, "भाऊ, झोपेला कुठला आवाज चांगला?" आठवड्याने तोच येऊन सांगतो, काही फरक नाही. खोदून विचारलं की चुका त्याच त्या.

सुरुवात पाण्यापासून करतो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे आणि तिचे पैसेही मोजले आहेत.

जिकडेतिकडे वाहत्या झऱ्याचं कौतुक, म्हणून मी पहिल्याच रात्री ओढ्याचा आवाज लावला. छान खळखळ चालली होती. आता, आपल्याकडे नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी, आणि बऱ्याच भागांत रात्री-अपरात्री. दीड वाजता आईने दार वाजवलं. "पाणी आलंय, ऊठ की रे!" मी सांगितलं, अगं मोबाईल आहे तो. ती गेली. मला जरा डोळा लागतो न लागतो तोच मोटरीची घरघर. जाऊन बघतो तर मोरीत दिवा चालू, आई नळाखाली घागर धरून उभी, आणि नळातून नुसती हवा फुसफुसतेय. मोटर कोरडी फिरली, सील गेलं, दुसऱ्या दिवशी साडेसातशे रुपये. आई वर म्हणते, "मला काय माहीत, आवाज तर पाण्याचाच होता!"

चूक तिची नव्हतीच. झोपेत डोळे मिटतात, कान मिटत नाहीत. आलेला आवाज कामाचा की बिनकामाचा हे डोकं झोपेतही निवडत असतं. म्हणून बाळाची आई गाडीच्या भोंग्याला हलत नाही, पण बाळ जरा कुरकुरलं की ताडकन उठते. सोलापूरकराचे कान पाण्यासाठी असेच तयार झालेत. त्याला खळखळ ऐकवून झोपवायचं म्हणजे पहारेकऱ्याच्या कानाशी शिट्टी वाजवून त्याला डुलकी घे म्हणण्यासारखं आहे.

मी आता झाडाच्या पानांवर पडणारा संथ पाऊस लावतो. गडगडाट नको, पन्हाळीची धार तर अजिबात नको. समुद्र मला जमला नाही. एक लाट गेली की दुसरीची वाट बघत पडून राहायचो. कोकणातल्या माणसाला जमत असेल. वडिलांची तर वेगळीच गंमत. तीस वर्षं पूर्व भागात यंत्रमागावर काम केलेला माणूस. त्यांना पाऊस-बिऊस काही नको, जुना टेबल फॅन लागतो, तोही खडखडणारा. तो दुरुस्त करून आणला तर दोन रात्री तळमळत होते. आवाज निसर्गाचाच पाहिजे हा हट्ट धरू नका. तो एकसारखा पाहिजे आणि तुमच्या कानाच्या ओळखीचा पाहिजे, बस.

दुसरी चूक म्हणजे आवाज मोठा ठेवणं. ही सगळी घाईची माणसं. एक डोस घेतला, ताप उतरला नाही, म्हणून एकदम चार गोळ्या! होटगी रोडचा एक पोरगा, घर रुळाच्या जवळ. त्याने माझ्याकडून पार्टीचा मोठा स्पीकर नेला आणि पलंगाच्या उशाला लावून त्यावर पाऊस वाजवला. बेस फुल्ल. तिसऱ्या दिवशी परत. "काय मजा नाय, कानात शिट्टी वाजतीय." शेजारच्या काकू वेगळ्याच येऊन गेल्या होत्या, पत्र्यावर दगड कोण टाकतंय म्हणून.

जाग नुसत्या मोठ्या आवाजाने येत नाही, फरकाने येते. शांत खोलीत एकदम कुत्रं भुंकलं की तो फरक टोचतो. पावसाचा आवाज तो खड्डा थोडा भरून काढतो, एवढंच त्याचं काम. रेल्वेला हरवायचं नसतं. डेसिबलचं गणितही फसवं असतं: १० डेसिबल वाढले की ध्वनीची ताकद दहापट होते, कानाला मात्र साधारण दुप्पटच वाटते. आमच्या धंद्यात तोंडपाठ असलेला सरकारी आकडा म्हणजे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल. तो घराबाहेरचा. उशाशी त्याहून जास्त वाजवत असाल तर तुमच्याच खोलीत तुमचीच मिरवणूक चालली आहे.

माझी पद्धत अशी. उशीवर डोकं ठेवायचं आणि बायकोला आवाज हळूहळू वाढवायला सांगायचं. शेजारच्या टीव्हीवर कोणीतरी बोलतंय हे कळतं, पण काय बोलतंय ते कळेनासं होतं, तिथे थांबायचं आणि एक घर खाली यायचं. स्पीकर उशाशी ठेवायचा नाही, ज्या खिडकीतून गोंगाट येतो तिथे ठेवायचा. घरात तान्हं बाळ असेल तर पाळण्यापासून सहा-सात फूट तरी लांब, आणि आवाज अगदी बारीक.

घरात म्हातारं माणूस असेल तर रातकिडे लावू नका. वयानुसार आधी बारीक, तीक्ष्ण आवाज ऐकू येईनासे होतात आणि रातकिड्याची किरकिर नेमकी चार-पाच हजार हर्ट्झच्या आसपास असते. आजोबा "लागलंच नाही" म्हणून आवाज वाढवत राहतात आणि नातू छताकडे बघत पडतो.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. फुकटचा व्हिडिओ लावून झोपलात तर रात्री दोनला कर्जाची जाहिरात ओरडणार. फाईल उतरवून घ्या आणि फोन फ्लाइट मोडवर टाका. एका मिनिटाचा तुकडा फिरवून फिरवून लावू नका, तोच बेडूक तिसऱ्यांदा ओरडला की डोकं त्याचीच वाट बघतं. कोकीळ, चिमण्या, भारद्वाज हा पहाटेचा बाजार आहे, रात्री अकराला नको. इयरफोन घालून कुशीवर झोपणाऱ्याला मी काही सांगत नाही, कानाचे डॉक्टर सांगतील. अर्ध्या तासाचा टायमर मला पटत नाही. साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांत झोप हलकी होते आणि अशा वेळी खोली एकदम वेगळी वाटली तर जाग पक्की. बंदच करायचा असेल तर हळूहळू विरणारा टायमर लावा.

आणि रोज नवा आवाज शोधणारे! सोमवारी जंगल, मंगळवारी धबधबा, बुधवारी "भाऊ, उपयोग नाही." एकच आवाज निदान दहा रात्री लावा ओ. वीस मिनिटं झाली आणि झोप नाही, तर कूस बदलत पडण्यापेक्षा उठून बाहेरच्या खोलीत बसा, पेंग आली की परत या. फोन मात्र हातात घेऊ नका.

मे महिन्यात पारा बेचाळीसवर असताना आणि लाईट गेलेली असताना कुठलाही पाऊस चालत नाही, गादी गच्चीवर न्या. आणि आठवड्यात तीन-चार रात्री झोप नाही, असं तीन महिने चाललं असेल, किंवा घोरता घोरता श्वास अडकतोय असं घरचे सांगत असतील, तर माझ्याकडे येऊ नका, डॉक्टरकडे जा. जुन्या निद्रानाशावर सीबीटी-आय नावाची, झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार बदलणारी, बिनगोळ्यांची उपचारपद्धत आहे. गोळ्यांच्या आधी तिची चौकशी करा.

आमच्याकडे आज पाण्याची पाळी आहे. स्पीकर कपाटात ठेवलाय. आईने तसं बजावलंय.